मदत हवी आहे: वाडीसाठी चेनसॉ कोणता घ्यावा? (वापरणार मी, आणि मी नसताना बाबा)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितेय. आमचं घर श्रीवर्धनजवळ एका गावात, घराला लागून पाऊण एकर वाडी. माड, पोफळी, कडेला दोन आंबे, विहिरीजवळ आजोबांच्या हातचा फणस, कुंपणाला गिरिपुष्प आणि वर कातळाच्या बाजूला आपोआप माजलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. मी ठाण्याला असते, पंधरा दिवसांतून एकदा गावी जाते. तिथे आई-बाबा दोघंच, बाबांचं वय ७२.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. दुपारी दोन-तीन तासांत पोफळी अशा झोपल्या की घराच्या पडवीतून एरवी कधी न दिसणारा शेजारचा गोठा थेट दिसायला लागला. माड मधनंच मोडले. रस्ता बंद, लाईट तर आमच्या वाडीत तीन आठवड्यांनी आली. आणि मशीनवाला म्हणाल तर आजूबाजूच्या चार गावांत मिळून एक, तो तरी कुणाकुणाकडे जाणार. बाबा आणि शेजारचे काका दोघांनी मिळून हाताच्या करवतीने दारापुढचा आंबा बाजूला करायला पाच दिवस घेतले. तेव्हा बाबा ६७-६८ चे होते, जमलं.

यंदा जूनमध्ये फणसाची मोठी फांदी विहिरीच्या वाटेवर पडली. कटरवाल्याला रोज फोन, तो आज येतो उद्या येतो करत नवव्या दिवशी आला. तोपर्यंत बाबांनी कोयता आणि करवत घेऊन स्वतःच सुरुवात केली होती, मला काहीच सांगितलं नव्हतं, व्हिडिओ कॉलवर हाताला गुंडाळलेलं फडकं दिसलं तेव्हा कळलं. म्हणून आता ठरवलंय की दिवाळीच्या आत मशीन घ्यायचंच आणि मी स्वतः ते वापरायला शिकणार.

काम काय असेल तर: पडलेल्या फांद्या आणि झाडं तोडून वाट मोकळी करणं, न्हाणीघरातल्या बंबासाठी आणि चुलीसाठी सरपणाचे तुकडे पाडणं, बाभूळ कापणं (खोड ६ ते १० इंच), वर्षातून एकदा गिरिपुष्प छाटणं. जाड म्हणाल तर एखादा पडलेला माड, नाहीतर फणसाची फूटभर जाडीची फांदी. उभं मोठं झाड पाडायचं नाही, त्यासाठी माहितगार माणूसच बोलवू. आणि झाडावर चढून मशीन चालवायचं नाही हे बाबांकडून कबूल करून घेतलंय.

आता घोळ असा आहे.

चुलत भावाकडे ऑनलाइन घेतलेलं ५८ सीसीचं (म्हणजे इंजिनाचं माप), २२ इंच बारचं (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) स्वस्तातलं मशीन आहे. बाबांना तेच हवंय, एवढ्या कमी पैशात एवढं मोठं मिळतं तर छोटं कशाला घ्यायचं. मी ते गणपतीत हातात धरून पाहिलं. टाकी भरलेली असताना सात किलोच्या आसपास भरत असेल, पुढचा बार इतका लांब की मला कमरेच्या उंचीवर सरळ धरवेना, आणि सुरू करायला भावाने आठ-दहा वेळा दोरी ओढली. बाबांचा उजवा खांदा आधीच धरलेला आहे.

तालुक्याच्या दुकानात गेले तर त्यांनी स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १८० दाखवलं, ३२ सीसीच्या आतबाहेर, १६ इंच बार. हाताला बरं वाटलं. पण किंमत भावाच्या मशीनच्या कितीतरी पट, त्यामुळे बाबा ऐकायला तयार नाहीत. त्याच दुकानात म्हणाले इलेक्ट्रिक घ्या, बटण दाबलं की चालू, पेट्रोलची कटकट नाही, आवाज कमी. आईला हे फार पटलंय. माझी शंका अशी की वादळानंतर जेव्हा खरी गरज असते तेव्हा लाईटच नसते, आणि आमची विहीर घरापासून दीडशे फुटांवर, एवढी वायर ओढायची तर मशीनला व्होल्टेज मिळेल का? पावसाळ्यात ओल्या वाडीतून वायर नेणं मला तरी नको वाटतं. बॅटरीवालेही येतात म्हणे, पण दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून बजेटच्या बाहेर जातात.

बजेट २५ हजारांपर्यंत, यात हेल्मेट, तोंडावरची जाळी, हातमोजे हे सगळं धरून. ते घेतल्याशिवाय मशीन घरात आणणार नाही.

तर विचारायचं असं की

३० सीसीच्या छोट्या मशीनने फूटभर फणस आणि माड कापला जाईल का, का मशीनचा जीव जाईल? ५८ सीसीचं स्वस्त मशीन खरंच इतकं वाईट आहे का, कुणी चार-पाच वर्षं वापरलंय का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे, बायकांपैकी कुणी चेनसॉ चालवतं का इथे, तुमचा अनुभव ऐकायला मला सगळ्यात जास्त आवडेल. आणि हो, पावसाळ्याचे चार महिने मशीन अधूनमधूनच लागणार, मधल्या काळात ते कसं ठेवायचं?

---

रानमाणूस:
ताई, वडिलांना सांगा ५८ सीसी २२ इंच हे मशीन ओंडके कापणाऱ्यांचं, घरच्या वाडीचं नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, देवरुखजवळ बाग आहे, वर्षातले अकरा महिने छोटंच बाहेर निघतं. १६ इंचाच्या बारने फूटभर खोड एका दमात जातं, त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी कापायचं, दोन फुटांपर्यंत अडचण नाही फक्त घाई करायची नाही. स्वस्त मशीन सगळीच वाईट नसतात, माझं पाच वर्षं चाललं, पण कार्बोरेटर दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा स्वतःच बदलला. ज्याला ते जमतं त्यानेच घ्यावं.

बार जितका लांब तितकं टोक नजरेआड जातं हे लक्षात घ्या. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन उलटं अंगावर येतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पडलेल्या झाडाच्या फांद्यांच्या गर्दीत हे सगळ्यात जास्त होतं आणि तुमचं काम नेमकं तेच आहे. चेनब्रेक, म्हणजे चेन जागच्या जागी थांबवणारा ब्रेक, चालतो का ते रोज सुरू करताना बघायचं. डावा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून वळलेला पाहिजे, नुसता वर ठेवलेला नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही.

दुसरं म्हणजे वादळात पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा कपटी असतं. वाकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली असते, एक ताणलेली. दबलेल्या बाजूने थोडंसं कापून घ्यायचं आणि मग ताणलेल्या बाजूने सोडवायचं. पहिल्यांदाच ताणलेल्या बाजूने घातलंत तर फांदी फाटून उसळते, आणि दबलेल्या बाजूने खोल गेलात तर बार चिमटतो. मुळासकट उपटलेलं झाड असेल तर खोड कापल्यावर मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो, त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणालाही उभं राहू देऊ नका. हे नीट समजेपर्यंत पहिले पाच-सहा दिवस कुणीतरी जाणता सोबत हवाच.

---

टूस्ट्रोक:
लाईटची शंका बरोबर आहे. २००० वॅटचं मशीन म्हणजे साधारण ९ अँपिअर, घरातल्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते लावायचंच नाही. दीडशे फुटांसाठी २.५ स्क्वेअर एमएमची चांगली केबल लागेल, आणि गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा मोटर तापणार. अंगणात सरपण पाडायला इलेक्ट्रिक उत्तम, वाडीसाठी पेट्रोल.

पेट्रोल मशीन मरतं ते बहुतेक वेळा पेट्रोलनेच. कंपनीचं टूस्ट्रोक ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० एमएल, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून तेवढंच घाला. नुसतं पेट्रोल घालून चालवलं तर पिस्टन घासून संपतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे लागेल तेवढंच अर्धा-एक लिटर मिसळा आणि महिनाभराहून जुनं वापरू नका. ठेवताना टाकी रिकामी करायची आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे कार्बोरेटर पण रिकामा होतो. कोकणच्या दमट हवेत चेन काढून तेलात बुडवून ठेवली तर गंजत नाही.

चेनचं तेल वेगळं, ते दुसऱ्या टाकीत. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण घालतात, ते घालू नका, त्यातल्या कचऱ्याने तेलाचा पंप बसतो आणि ते सगळं तुमच्या विहिरीजवळच्या मातीत जातं.

धार: एमएस १८० च्या चेनला ४ एमएमची गोल कानस लागते. मशीनमधून लाकडाचे कपचे पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की थांबा. माडाचं खोड बाहेरून भलतं कडक आणि आत भुसभुशीत, धागे चेनच्या कव्हरमध्ये जाऊन बसतात, त्यामुळे माड कापताना मधेमधे बंद करून कव्हर साफ करायचं. जमिनीला टेकवली की चेन गेलीच, खाली ओंडका ठेवून कापा.

---

लाल_माती:
मी चालवते! गुहागरला, दोन वर्षं झाली, माझी उंची तुमच्याइतकीच. १४ इंच बार लावलाय, १६ पेक्षा तो मला हाताला जास्त बरा वाटतो, दुकानात मागितला तर मिळतो. सुरू करताना मशीन जमिनीवर, चेनब्रेक लावलेला, उजव्या पायाचा चवडा मागच्या हँडलमध्ये आणि मग दोरी. हातात लोंबकळत धरून ओढायचं नाही, भलेभले पुरुष तसं करतात तरी. साडीवर किंवा ओढणी घेऊन अजिबात नाही, मी जाड जीन्स आणि गमबूट घालते, पायाला चेनसॉचं संरक्षक कापड मिळतं ते मागवलंय. थकलं की हात खाली येतो आणि तेव्हाच चूक होते, म्हणून मी एक टाकी संपली की पंधरा मिनिटं बसतेच.

एक विचारायचं राहिलं तुमचं. पडलेलं झाड सोडा, पण उभा आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ यातलं काही पाडायचं झालं तर स्वतःच्या जागेत असलं तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते, ती झाडं त्या यादीत आहेत. आधी वनखात्यात विचारा.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. रानमाणूस दादा, तुमचा ताणलेल्या-दबलेल्या बाजूचा परिच्छेद मी बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले २०२० मध्ये आंब्याची फांदी अशीच उसळून काकांच्या कानाजवळून गेली होती, तुला सांगितलं नाही. ५८ सीसीचा विषय त्यांनी स्वतःहून सोडला.

लाल_माती ताई, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय, पुढच्या महिन्यात गुहागरला येऊन एक दिवस तुमच्याकडे शिकले तर चालेल का? सरपण पाडायला मदत करीन.

एमएस १८० च घेतेय, १४ इंच बार लावून. परवानगीचं लक्षात ठेवीन, उभं झाड आम्ही पाडणारच नाही. आता दोनच गोष्टी विचारते. पायाचं संरक्षक कापड आपल्या उकाड्यात घालून काम होतं का, आणि बाबांच्या मापाचं, म्हणजे कंबर ३२, कुठे मिळेल? आणि सुटी चेन एक घेऊन ठेवू का दोन? दुकानदार म्हणतो एक पुरे, पण जूनमध्ये रस्ता बंद झाला की दुकानापर्यंत जाता येत नाही.