एकाच माणसाने इतक्या खेळांचे धावते वर्णन कसे केले? (अल मायकल्स यांच्याविषयी)

सांजवारा (प्रश्न):

मागील वर्षी काही महिने मी सिएटलजवळ मुलाकडे राहत होतो. तेथे दर गुरुवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा सामना लावला जात असे. त्या खेळाचे नियम मला आजही पुरते कळलेले नाहीत, तरीही मुख्य समालोचकाचा आवाज ऐकण्यासाठी मी हातातले पुस्तक बाजूला ठेवून बसू लागलो. त्या समालोचकाचे नाव अल मायकल्स असून त्यांनी वयाची ऐंशी वर्षे गाठली आहेत, आणि याच माणसाने बेसबॉल, आईस हॉकी, बास्केटबॉल, मुष्टियुद्ध एवढ्या सगळ्या खेळांचे समालोचन केलेले आहे, असे मुलाने सांगितले तेव्हा मला त्यावर लगेच विश्वास ठेवता आला नाही.

माझी पिढी आकाशवाणीवर वाढली. मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन करणारे बाळ पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो अनुभव जाणवत असे. त्यामुळे खेळ अंगात मुरल्याखेरीज असे बोलता येणार नाही, अशी माझी समजूत होती. मायकल्स तर यांपैकी कोणत्याही खेळाचे व्यावसायिक खेळाडू नव्हते. मग ही विद्या त्यांना कोठून मिळाली? एका खेळातून दुसऱ्या खेळात जाताना असा समालोचक नेमके काय बरोबर नेतो आणि काय मागे ठेवतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हडसनकाठ:

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांच्या पहिल्या काही वर्षांतच सापडते, म्हणून तेवढाच भाग थोडा विस्ताराने लिहितो.

मायकल्स यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९४४ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे एबेट्स फील्ड हे मैदान त्यांच्या घरापासून जवळ होते. १९५८ मध्ये डॉजर्स संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला, हलवला गेला आणि योगायोग असा की, त्याच वर्षी मायकल्स कुटुंबही तेथेच राहायला गेले. डॉजर्सचे समालोचक विन स्कली यांचा आवाज अशा रीतीने त्या मुलाबरोबर एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आला. आपण ‘अंगात मुरणे’ म्हणता ते या माणसाच्या बाबतीत नक्की घडले आहे. फरक इतकाच की, त्यांच्या अंगात खेळापेक्षा खेळाचे वर्णन मुरले.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठात शिकत असताना त्यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल, बेसबॉल व बास्केटबॉल सामन्यांचे समालोचन केले. शिक्षणानंतर लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाच्या रेडिओ प्रक्षेपणात त्यांना संधी मिळाली, पण मोजक्याच सामन्यांनंतर त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर १९६८ मध्ये ते हवाईला गेले, आणि माझ्या मते त्यांची खरी घडण तेथेच झाली. होनोलुलूमध्ये हवाई आयलँडर्स या बेसबॉल संघाचे सामने, हवाई विद्यापीठाचे फुटबॉल आणि बास्केटबॉल, अशी सर्व कामे त्यांच्याकडे होती. आपल्याकडे एकशिक्षकी शाळेत एकच गुरुजी चारही वर्ग सांभाळतात आणि त्यातून त्यांना शिकवण्याचीच एक वेगळी जाण येते, तसे काहीसे येथे झाले असावे. ‘मी अमुक खेळाचा समालोचक’ अशी ओळख तयार होण्याआधीच त्यांना निरनिराळ्या खेळांच्या गतीनुसार आपला श्वास बदलण्याची सवय लागली.

१९७१ मध्ये ते सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाचे समालोचक झाले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, पिट्सबर्गविरुद्धच्या मालिकेच्या निर्णायक पाचव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी गोलंदाजाचा चेंडू यष्टिरक्षकाच्या आवाक्याबाहेर गेला (क्रिकेटचे शब्द मुद्दाम वापरतो आहे) आणि रेड्सचा जॉर्ज फॉस्टर विजयी धाव पूर्ण करून गेला. त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजसाठी (बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका) एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने त्यांना बोलावले तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. १९७४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेले आणि १९७६ मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीचे काम करू लागले. पुढची तीस वर्षे ते त्या वाहिनीशी जोडलेले राहिले.

मंद्रसप्तक:

मी अनेक वर्षे आकाशवाणीवर निवेदनाचे काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष स्वाभाविकपणे शब्दांइतकेच विरामांकडे जाते. याबाबतीत २२ फेब्रुवारी १९८० चा लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिक सामना प्रत्येक निवेदकाने अभ्यासावा असा आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी की, आईस हॉकीत सोव्हिएत संघाने त्याआधीची सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली होती, तर अमेरिकेचा संघ प्रामुख्याने महाविद्यालयीन खेळाडूंचा होता. स्पर्धा सुरू होण्याच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या सरावसामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला १०–३ असे हरवले होते. एबीसीने हॉकीची जबाबदारी मायकल्स यांच्यावर सोपवली, त्यामागचे कारण आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे: वाहिनीच्या समालोचकांत हॉकीच्या सामन्याचे वर्णन पूर्वी केलेले ते एकटेच होते, आणि तेही एकाच सामन्याचे, १९७२ मध्ये जपानमधील साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकमधील सोव्हिएत संघ व चेकोस्लोव्हाकिया यांच्यातील. त्यांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून मॉन्ट्रियलचे विख्यात गोलरक्षक केन ड्रायडन बसले होते. खेळातील बारकावे सांगण्याचे काम मायकल्स यांनी ड्रायडनवर सोडले. चकती कोणाकडे आहे, किती वेळ उरला आहे आणि गुणसंख्या काय आहे, एवढेच त्यांनी स्वतःकडे ठेवले.

अमेरिका ४–३ अशी पुढे होती. शेवटची काही सेकंदे मोजता मोजता त्यांनी प्रेक्षकांना विचारले, “चमत्कारांवर तुमचा विश्वास आहे का?” आणि घड्याळ संपताच स्वतःच उत्तर दिले, “हो!” त्यानंतर ते गप्प बसले. बर्फावर एकमेकांवर झेपावणारे खेळाडू आणि प्रेक्षागृहातील गर्जना यांना त्यांनी मोकळी वाट करून दिली. रेडिओवर मला असे कधीच करता आले नसते, कारण तेथे निवेदक थांबला की श्रोत्यांसमोरचे मैदानच नाहीसे होते. दूरचित्रवाणीवर मात्र चित्र समोर असते आणि त्याच्यावर बोलणे म्हणजे त्याच्या आड उभे राहणे, हे ज्याला उमगते तोच त्या क्षणी ओठ मिटतो.

अनेकांना हे सुवर्णपदक ठरवणारे क्षण वाटतात, तसे ते नव्हते. दोन दिवसांनी फिनलंडला ४–२ असे हरवल्यानंतरच पदक निश्चित झाले. शिवाय संध्याकाळी पाच वाजता खेळला गेलेला हा सामना एबीसीने देशभर रात्री दाखवला. समालोचन मात्र खेळ चालू असतानाचे, पहिल्या श्वासाचे होते.

भारतातील उदाहरण द्यायचे तर जसदेव सिंग यांचे नाव घ्यावे लागेल. हॉकी, अनेक ऑलिंपिक स्पर्धा आणि प्रजासत्ताक दिनाचे संचलन ही सर्व वर्णने त्यांनी हिंदीतून केली. १९७५ चा क्वालालंपूर येथील हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही त्यांच्याच आवाजात पाहिला, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो.

खाडीपलीकडे:

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी मी सॅन होजे येथे विद्यार्थी होतो. संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी जमीन हादरली आणि आमची वीज गेली, त्यामुळे देशाने काय पाहिले हे मला पुढे कित्येक दिवसांनी कळले. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड या खाडीच्या दोन काठांवरील संघांत वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना कँडलस्टिक पार्कमध्ये सुरू व्हायचा होता. पडद्यावर आदल्या सामन्याची क्षणचित्रे चालू असताना चित्र तुटू लागले, आणि मायकल्स यांचे “आपल्याकडे भूकंप होतो आहे” हे वाक्य पुरे होण्याआधीच आवाज गेला.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याला खेळाचे समालोचन म्हणता येणार नाही, पण ती कला तीच होती. जायंट्सच्या नोकरीमुळे ते या परिसरात राहिलेले होते. मैदानावर घिरट्या घालणाऱ्या ब्लिंपमधून (वायूने फुगवलेल्या, संथ विमानातून) येणारी दृश्ये पाहून कोणता भाग दिसतो आहे, कोणता पूल खचला आहे, हे ते प्रेक्षकांना सांगत राहिले. या भूकंपात ६३ जण मरण पावले. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज ना घाबरलेला होता ना उगाच शांतपणाचा आव आणणारा. या वृत्तांकनासाठी त्यांना बातम्यांच्या विभागात एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

ताळेबंद:

वरील सर्व लेखनाशी मी सहमत आहे. तरीही सर्व खेळांत ते सारख्याच उंचीवर पोहोचले, असे मानणे मला योग्य वाटत नाही. २००४ आणि २००५ मध्ये त्यांनी एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम सामन्यांचे समालोचन केले, आणि त्या काळात त्यांचा आवाज बास्केटबॉलमध्ये रमलेला नाही, अशी टीका होत असे. ती टीका मला पटते. बास्केटबॉलमध्ये एका हल्ल्यातून दुसरा हल्ला इतक्या वेगाने सुरू होतो की, बोलण्यासाठी सावकाश जागा मिळतच नाही. उलट बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांत प्रत्येक चेंडूनंतर किंवा प्रत्येक चालीनंतर काही सेकंदांचा अवकाश असतो, आणि मायकल्स यांचे सारे वैभव त्या अवकाशात आहे. त्यांना फुटबॉलमध्ये सर्वाधिक काळ यश मिळाले, याचे कारण मला तेथे दिसते: एबीसीवर सोमवार रात्रीचे वीस मोसम, एनबीसीवर रविवार रात्रीचे सोळा मोसम, २०२२ पासून ॲमेझॉनवर गुरुवारचे सामने, आणि एकूण ११ सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना).

सांजवारा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताळेबंद यांच्या मुद्द्यामुळे मला एक गोष्ट उलगडली. नियम न कळताही मी त्या सामन्यांपुढे बसून राहू शकलो, ते त्या मधल्या सेकंदांमुळेच. त्यांत ते मला पुढच्या चालीसाठी तयार करत होते. एक शंका उरते. एबीसी सोडून ते एनबीसीकडे गेले तेव्हा त्यांची अदलाबदल एका सशाशी झाली, असे मुलगा म्हणाला. हे खरे आहे का?

हडसनकाठ:

खरे आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९२७ मध्ये निर्माण केलेल्या ऑस्वाल्ड या सशाच्या व्यंगचित्रपात्राचे हक्क युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे राहिले होते. पुढे ती कंपनी आणि एनबीसी एकत्र आल्या, तर एबीसीची मालकी डिस्नेकडे होती. फेब्रुवारी २००६ मध्ये मायकल्स यांना करारातून मोकळे करण्याच्या बदल्यात एनबीसी युनिव्हर्सलने तो ससा आणि काही क्रीडाप्रक्षेपणाचे हक्क डिस्नेला दिले. फुटबॉल समालोचनातील सोबती जॉन मॅडन यांच्याबरोबर पुन्हा काम करता यावे, हाही त्यामागचा हेतू होता. कोणाला हे अपमानास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण जवळजवळ ऐंशी वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेले आपल्या संस्थापकाचे पात्र परत मिळवण्यासाठी डिस्नेला याच तोलाचा माणूस द्यावा लागला.

आपण ऐकायला सुरुवात करणार असाल, तर १९८० पासून करू नये. आधी १९७२ मधील रेड्सचा तो शेवटचा क्षण ऐकावा, ज्यात तरुण मायकल्स आनंदाच्या भरात सर्व काही एकाच दमात सांगून टाकतात, आणि मग लेक प्लॅसिड. मधल्या आठ वर्षांत ते काय शिकले, हे त्या “हो!” नंतरच्या शांततेत आपल्याला स्पष्ट ऐकू येईल.