रात्री उणे १ अंश, पण आभाळ भरलेलं: पहाटेचा बर्फ गोठलेला धरायचा का?

पायवाट: वसंतातल्या स्की-टूरची (स्की लावून डोंगर चढण्या-उतरण्याची सफर) आखणी चालू आहे. पहाटे ५ ला निघून पूर्वेकडच्या उतारावरून खिंडीत चढायचं आणि पश्चिमेने उतरायचं. चढाचा मधला टप्पा ३५ अंशांचा आहे, वर कडेला कॉर्निस (वाऱ्याने साचून कड्याबाहेर झुकलेला बर्फ) आहे. हवामानाच्या अंदाजात किमान तापमान उणे १ आहे, पण रात्रभर ढग. हिमस्खलनाचा धोका टळेल इतका बर्फ गोठेल ना? आणि मागे फिरायचं ते घड्याळ बघून की बर्फ बघून?

रवाळ: उणे १ या आकड्यावर विसंबू नका, ढगांकडे बघा. अंदाजातला आकडा हवेचा असतो, बर्फाच्या पृष्ठभागाचा नाही. निरभ्र, कोरड्या रात्री बर्फ आपली उष्णता सरळ आकाशात सोडतो, त्यामुळे हवा अधिक २ असली तरी वरचा थर कडक होतो. ढग तीच उष्णता परत खाली पाठवतात. मग वर सेंटिमीटरभर पपडी आणि खाली ओला रवा, असा फसवा प्रकार होतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पायथ्याच्या सपाटीवर स्की काढा आणि बुटांवर उभे राहा. पपडीने वजन पेललं तर ठीक. फुटली तर खालचा बर्फ मुठीत दाबा. पाणी निथळलं, किंवा पाय घोट्याच्या वर रुतला, तर त्या दिवशी तो उतार नको. गोठलंच नसेल तर ५ ऐवजी ३ ला निघून काय फरक पडणार? बर्फ तितकाच ओला.

गोठलेलं असलं तरी पूर्वेचा उतार सगळ्यात आधी तापतो, कारण उगवतं ऊन त्यावर समोरून पडतं. तुम्ही चढणार म्हणजे त्यावर बराच वेळ असणार. उलट पश्चिमेची बाजू तेव्हा काचेसारखी टणक असेल, तिथे धोका घसरण्याचा. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) आणि आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) पिशवीच्या तळाशी नकोत. मार्ग उलटा केला तर? तेव्हा पूर्वेने उतराल, पण सगळ्यात तापलेल्या वेळी. त्यापेक्षा हाच मार्ग ठेवून लवकर निघा.

उताराचा कोन: वरचं सगळं मान्य, पण ते गोठण्या-वितळण्याला आधीच रुळलेल्या बर्फाला लागू. सावलीच्या उतारांवर हिवाळ्यातले कमकुवत थर अजून कोरडे पडून असतात. वितळलेलं पाणी त्या थरापर्यंत पहिल्यांदा पोहोचतं ते दिवस सगळ्यात वाईट, विशेषतः लागोपाठ दोन-तीन रात्री गोठलं नाही तर. तेव्हा वरची पाचेक सेंटिमीटर पपडी खालच्या थराबद्दल काहीच सांगत नाही. ताजा बर्फ पडला असेल तर पहिल्या कडक उन्हात तो सुटतो.

घड्याळ की बर्फ? दोन्ही, जे आधी येईल ते. वेळ घरूनच ठरवा. त्याआधी खडकांखालून बर्फाचे गोळे गुंडाळत खाली यायला लागले की मागे फिरा, गोळे मोठे होण्याची वाट बघू नका. कॉर्निसखाली थांबायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. आणि उतारावर तोंड वासलेली आडवी भेग दिसली तर तिच्याखालून जाऊच नका. तिथे अख्खा थर जमिनीवरून सरकत असतो, तो पहाटेही सुटू शकतो.

पायवाट: म्हणजे ढग राहिले तर बेत रद्द. ३० अंशांखालचा पर्यायी मार्ग बघतो. ओल्या बर्फासाठी साहित्यात काही बदल?

रवाळ: पर्यायी मार्गाच्या डोक्यावर काय आहे तेही बघा. आपण २५ अंशांवर असलो तरी वरचा ४० अंशांचा उतार आपल्यावरच रिकामा होतो.

साहित्य तेच: बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, प्रत्येकाकडे. फावडं मात्र धातूचंच. ओलं स्खलन थांबलं की काँक्रीटसारखं बसतं, प्लॅस्टिकचं पातं तिथे तुटतं. मोबाइल बीकनपासून २० सेंटिमीटर लांब, शोध घेताना ५० सेंटिमीटर. ३५ अंशांचा टप्पा एकेकाने पार करा, बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची.