‘सूड’, ‘लळा’ आणि ‘म्हणे’: लवूळच्या वानरांची बातमी कोणत्या शब्दांत सांगावी?

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावाचे नाव काही दिवस देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घेण्यासाठी गावातली कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि माळवदांवर न्यायला आणि तिथून खाली टाकायला सुरुवात केली, असे ते वृत्त होते. अडीचशे कुत्री मारली गेल्याचा आकडा मथळ्यांत फिरला आणि वनविभागाने दोन वानरांना पकडून दुसरीकडे हलवले. आजही ही बातमी ‘अजबगजब’ या सदराखाली अधूनमधून मोबाइलवर येते, आणि प्रत्येक वेळी तिच्यातल्या शब्दांपाशी मी अडखळतो, म्हणून ही चर्चा.

पहिला शब्द ‘माकड’. इंग्रजीत वानर आणि माकड या दोन्हींना एकच सामान्यनाम चालते, त्यामुळे इंग्रजी बातमीवरून मराठीत आलेल्या अनेक मजकुरांत सरसकट ‘माकडे’ असेच छापले गेले. आपल्याकडे मात्र काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लालसर तोंडाचे, आखूड अंगाचे ते माकड, हा भेद शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतो. मराठवाड्यात बोलताना ‘वांदर’ म्हणतात आणि टोळीतल्या थोराड नराला त्याच्या ओरडण्यावरून ‘हुप्प्या’ म्हणतात. लवूळची जनावरे वानरे होती. हा भेद केवळ नावापुरता नाही. वानर मुख्यतः पाने, फुले, शेंगा खाऊन राहते आणि त्याच्या टोळीतल्या माद्या एकमेकींची तान्ही पिल्ले उचलून घेऊन फिरतात, ही त्याची अभ्यासकांनी नीट नोंदवलेली सवय आहे. बातमी समजून घ्यायला नेमकी हीच माहिती लागते आणि ‘माकड’ लिहिताक्षणी तिचा धागा सुटतो.

दुसरा आणि मुख्य शब्द ‘सूड’. मराठीत सूड उगवायला तीन गोष्टी लागतात: झालेला अपाय लक्षात ठेवणे, अपराधी कोण हे ओळखणे आणि परतफेडीचा निश्चय करणे. म्हणजे या दोन अक्षरांत आपण त्या जनावरांच्या मनाविषयी तीन विधाने करून बसतो. ‘वचपा काढणे’ त्याहून सौम्य आहे, तो आता क्रिकेटच्या सामन्यातही निघतो. ‘उट्टे काढणे’ यात जुन्या हिशेबाची भावना आहे, पण जिवावर उठणे नाही. ‘डूख धरणे’ हा शब्द आपण पूर्वीपासून जनावरांना, विशेषतः सापाला, लावत आलो आहोत. साप खरोखर डूख धरत नाही हे आज कळले असले तरी शब्दाची रचना पाहण्यासारखी आहे: त्यात केवळ मनात धरून ठेवणे आहे, पुढची कृती नाही. ‘बदला’ हिंदी चित्रपटांच्या वाटेने आला आणि मथळ्याच्या रुंदीत बसतो म्हणून टिकला, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

आता प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट कोणती, ते शब्द बाजूला ठेवून पाहावे. एक वानर कुत्र्याचे पिल्लू छातीशी धरून माळवदावर बसले आहे. वानराचे स्वतःचे पिल्लू जन्मल्यापासून आईच्या पोटाच्या केसांना घट्ट धरून लोंबकळते, त्यामुळे आईने उडी मारली तरी ते पडत नाही. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजात ती पकड नसते. वानर या फांदीवरून त्या फांदीवर गेले, दोन्ही हात मोकळे झाले, की पिल्लू सुटते. सुटले नाही तरी त्याला दूध मिळत नाही आणि ते उपाशी मरते. खालून पाहणाऱ्या माणसाला वरून पडलेले पिल्लू दिसते आणि त्याच्या तोंडून ‘टाकलं’ हे क्रियापद निघते. ‘पडलं’ आणि ‘टाकलं’ यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरात ही सगळी बातमी उभी आहे. पिल्लू जवळ घेण्याच्या या वर्तनाला मराठीत एक शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘लळा’. वानराला पिल्लाचा लळा लागला आणि त्या लळ्यात पिल्लू दगावले, असेही त्याच दृश्याचे वर्णन होऊ शकते, आणि वानराच्या स्वभावाशी ते अधिक जुळते असे माझे मत आहे. ‘सूड’ आणि ‘लळा’ हे दोन टोकांचे शब्द एकाच दृश्याला लागू शकतात, हे ध्यानात घेतले तर बातमी लिहिणाऱ्याने कोणताही शब्द घाईने उचलू नये असे वाटते.

‘टोळी’ या शब्दाचा वाटाही यात आहे. वानरांची टोळी, ऊसतोड मजुरांची टोळी, हे प्रयोग बीड जिल्ह्यात रोजचे आहेत आणि त्यांत कसलाही दोष नाही. पण दरोडेखोरांचीही टोळीच असते, त्यामुळे इंग्रजी मथळ्यांतल्या गुन्हेगारी शब्दांना मराठीत ‘टोळीयुद्ध’ हा प्रतिशब्द आयताच मिळाला आणि वाचणाऱ्याला तो खटकलाही नाही.

या सगळ्यावर आपल्या भाषेत एक उपाय फार पूर्वीपासून आहे, तो म्हणजे ‘म्हणे’. जुन्या मराठीत ‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणतो’ किंवा ‘म्हणते’. नरसीच्या नामदेवांच्या अभंगात ‘नामा म्हणे’ येते, गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगात ‘जनी म्हणे’ येते, तिथे बोलणाऱ्याने आपले नाव पुढे ठेवून शब्दाची जबाबदारी घेतलेली असते. कालांतराने हेच रूप कर्त्यावाचून वाक्याच्या शेवटी येऊन बसले आणि त्याचा अर्थ झाला: हे मी पाहिलेले नाही, माझ्या कानावर आले आहे. ‘वांदरानं पिल्लू नेलं म्हणं’ असे माजलगावच्या बाजारात कोणी सांगितले, तर त्या एका ‘म्हणं’मुळे ऐकणाऱ्याला बातमीही मिळते आणि तिचे वजनही कळते.

त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे विशेष. ‘ते मुंबईला गेले म्हणे’ यात केवळ ऐकीव माहिती आहे. ‘म्हणे मुंबईला गेले!’ यात अविश्वास, कधी तुच्छता आहे. ‘तुम्ही मुंबईला जाणार म्हणे?’ यात समोरच्याकडून खात्री करून घेणे आहे. मराठवाड्याच्या शेजारभाषांतही हे साधन आहे. देगलूर-बिलोलीकडे कानावर पडणाऱ्या तेलुगूत क्रियापदाला ‘अट’ जोडतात, ‘वच्चाडट’ म्हणजे ‘तो आला म्हणे’. उदगीरपलीकडच्या कन्नडमध्ये ‘अंते’ आहे, ‘बंदनंते’. हैदराबादी वळणाच्या दखनीत ‘कते’ आहे. चार भाषांची माणसे शतकानुशतके एकाच बाजारात बसत आली आणि चौघींनीही ऐकीव गोष्टीवर खूण ठेवण्याची सोय जपली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

छापील मराठीने ‘म्हणे’ला बोलीतला समजून दूर ठेवले आणि त्याच्या जागी ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘कथित’ असे शब्द योजले. यांपैकी ‘असे समजते’ अर्थाने जवळचा आहे, पण तो लांब पडतो आणि मथळ्यात पहिल्यांदा तोच गळतो. ‘कथित’ची अडचण वेगळी आहे: तो न्यायालयीन बातम्यांतून आल्यामुळे ‘कथित सूड’ म्हटले की वानरांवर खटला चालू असल्यासारखे वाटते.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८मध्ये पुढे धाडलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ ही पट्टी आणली. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकी करून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले, ते हेच दिवस. ती पट्टी आवश्यकच होती. पण ती वाक्याच्या बाहेर आहे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, किंवा कोणी मोठ्याने वाचून दाखवला, की पट्टी मागे राहते आणि वाक्य नुसते विधान होऊन पुढे जाते. ‘म्हणे’ वाक्याच्या आत असल्यामुळे वाक्याबरोबर प्रवास करते.

दहा रुपयांच्या नाण्याचे उदाहरण घेता येईल. नाण्यांच्या चौदाही नक्षी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये स्पष्ट केले होते, तरीही आपल्या भागात किराणा दुकानापासून रिक्षापर्यंत ‘दहाचं नाणं चालत नाही’ हे वाक्य ऐकावे लागते. ते वाक्य सुरुवातीला ‘चालत नाही म्हणे’ असे असणार, असा माझा तर्क आहे. ‘म्हणे’ गळाले आणि दुकानदाराने नाणे खरोखरच परत केले, त्यामुळे ऐकीव गोष्ट व्यवहारात खरी ठरली. अफवेसाठी मराठीत आवई, वावडी, कंडी, भुमका, वदंता असे कितीतरी शब्द आहेत, पण त्यांतले बहुतेक गोष्ट खोटी ठरल्यावर किंवा तसा संशय आल्यावर वापरायचे आहेत. गोष्ट अजून खरी की खोटी हे ठरलेले नाही, त्या मधल्या वेळेचा शब्द ‘म्हणे’ हाच आहे, आणि म्हणून बातमीच्या गद्यात, मथळ्यातसुद्धा, तो उजळ माथ्याने वापरावा असा माझा आग्रह आहे. ‘वानरांनी कुत्र्यांची पिल्ले नेली म्हणे’ हा मथळा अपुरा नाही.

परभणी, हिंगोली, धाराशिव आणि लातूरकडील जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी ‘म्हणं’ येते, ‘मनं’ येते की आणखी काही? आणि वानराने पिल्लू उचलून नेले तर त्या कृतीला गावात कोणते क्रियापद वापरतात: नेलं, पळवलं, उचललं की दुसरेच एखादे?