जुन्या जीप-ट्रेलरवर किती वजन घालायचं? (बोलेरोमागे, घाटरस्ता) मदत हवी आहे

जांबोटीचा रताळीवाला

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीकडं आमची शेती आहे. गेल्या वर्षी भंगारातून मिलिटरी डिस्पोजलचा एक दोनचाकी जीप-ट्रेलर घेतला. साटा (माल ठेवायचा भाग) गंजून चाळण झालेला. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून नवी चॅसी करून घेतली, पत्रा नवा, फाळका नवा. जुन्यातली दांडी आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तेवढे ठेवले. ॲक्सलही नवा: ४० मिलिमीटरचा चौकोनी बार, दोन्ही टोकं लेथवर टर्न करून ३० मिलिमीटरची गोल केलीत, त्यावर हब (ज्यावर चाक बसतं तो भाग). टायर १४ इंची, त्यावर ८५टी लिहिलंय. ब्रेक नाही.

रताळ्यांच्या हंगामात पोती बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची आहेत. भाच्याचा बेत वेगळाच, चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीच्या बाजारात जायचा. मामा म्हणतोय, "जीपचा ट्रेलर हाय, टनभर घाल, काय होत नाही." वेल्डरला विचारलं तर तो म्हणाला, "वाकला तर आणा परत."

काट्यावर रिकामा ट्रेलर २९० किलो भरला. पासिंगचं काम अजून व्हायचंय, तोवर रस्त्यावर काढणार नाही, म्हणून त्यावरून ओरडू नका. मला हिशेब कसा मांडायचा ते सांगा.

लेथवाला_२२

सगळ्यात आधी मामाला सांगा, हा ट्रेलर मुळात पाव टनी म्हणूनच ओळखला जायचा. टन कुठून आणला त्यांनी?

आता हिशेब. प्रत्येक भाग किती पेलतो ते वेगवेगळं काढायचं. त्यातला सगळ्यात कमी आकडा हीच ट्रेलरची ताकद.

टायर: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, तेही पूर्ण हवेला. दोन मिळून १०३०.

ॲक्सलचा बार: पाट्याच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर धरतो. साधं स्टील २५० मेगापास्कलला वाकायला लागतं. खड्ड्यांसाठी त्याला तीनने भागायचं, म्हणजे ८३. यात बार एका बाजूला साधारण ६०० किलो पेलतो. बार ठीक आहे.

खरी अडचण टर्न केलेल्या टोकांची. ३० मिलिमीटरचा गोल, खांद्यापासून (चौकोन संपून गोल सुरू होतो तिथून) चाकाचा भार ५० मिलिमीटरवर धरला, तर एका बाजूला ४५० किलोच्या आसपास. दोन्ही मिळून ९००. अंतर ६० निघालं तर हाच आकडा ७५० वर येतो, म्हणून टेप लावून मोजा. आणि हब काढून खांदा बघा. तिथं टूलनं काटकोन मारलाय की गोलाई ठेवलीय? काटकोन असेल तर चीर तिथूनच जाणार, माझा हिशेब मग विसरा.

हबच्या बेअरिंगचा नंबर कळवा, तेही राहिलंय.

चंदगडी

पाट्यांना कागदावरचा हिशेब लागू होत नाही, जुन्या पाट्यांना तर नाहीच. सिमेंटची पोती घ्या, ५० किलोची. सपाट जागी ट्रेलर उभा करून चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर मोजा. पाच पोती टाका, मोजा. आणखी पाच टाका, परत मोजा. दुसऱ्या खेपेला पहिल्याइतकंच बसलं तर पाटे चांगले. एक बाजू जास्त बसली किंवा पोती काढल्यावर चॅसी मूळ उंचीला आली नाही, तर पाटे बदला. पूर्ण भारातही ठोकर लागायच्या (चॅसी ॲक्सलवर आदळायच्या) आत दोन-तीन इंच जागा हवी.

पण मला पाट्यांपेक्षा ब्रेकची काळजी आहे. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला मालासकट ७५० किलोची मर्यादा आहे, शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जास्त चालत नाही. तुमची बोलेरो दीड टनाच्या पुढची, म्हणजे ७५० मध्ये बसते. आपल्याकडं तोच आकडा पाळा. ७५० वजा २९०, राहिले ४६०. नऊ पोती. बेळगावच्या रस्त्याला.

चोर्ल्याला ही नऊसुद्धा नकोत. उतारावर मागून ट्रेलर गाडीला ढकलतो, आणि वळणावर ब्रेक मारला की आडवा होतो. भाच्याला सांगा, टेम्पो भाड्यानं घे.

लेथवाला_२२

चंदगडी बरोबर बोलतायत. मी स्टीलमध्येच अडकलो होतो.

एक राहिलं: पोती ॲक्सलच्या किंचित पुढं लावा. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार दांडीच्या टोकावर यायला हवा, ७५० ला ३८ ते ७५ किलो. घरातला माणसं मोजायचा काटा विटांवर ठेवून दांडी त्यावर टेकवा, हुकाइतक्याच उंचीला. भार मागं गेला तर दांडी हुक वर उचलते आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

पासिंगमध्ये जे वजन लिहून येईल ते आपल्या हिशेबापेक्षा कमी असलं तर तेच खरं. जास्त भरून सापडलात तर २०१९ पासून दंड २०,००० पासून सुरू होतो.

जांबोटीचा रताळीवाला

काल हब काढला. खांदा काटकोनी आहे, आणि अंतर ५८ निघालं. सिमेंटची पोती शेजाऱ्याकडून आणलीत, पण आधी ॲक्सलचं बघतो. नवा बार टर्न करून घेताना टोक ३५ चं ठेवलं तर हब बदलावा लागेल का? बेअरिंगवरचा नंबर घासून गेलाय, आतलं माप ३० आहे एवढंच कळतंय.