गाणं उलटं वाजवलं की खरंच छुपा संदेश ऐकू येतो का?

वाचनालय_दारव्हा
राजेहो, २६ जानेवारीला संध्याकाळी गावच्या वाचनालयात गाण्यांच्या छुप्या अर्थांवर तासभराचा कार्यक्रम आहे. कॉलेजातली पोरं दोन गोष्टी हमखास काढतात. इंग्रजी गाणी उलटी वाजवली की सैतानाचं नाव येतं, ही एक. 'जन गण मन' पंचम जॉर्जसाठी लिहिलं, ही दुसरी. उलटं वाजवून दाखवायचं कसं? आणि जॉर्जवाल्या फॉरवर्डला तारखांसकट काय सांगायचं? लॅपटॉप आहे, नेटचा भरवसा नाही.

खंजिरी
ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवा. फुकट आहे, आणि नंतर नेट लागत नाही. गाण्याची फाइल आत ओढा, १०-१५ सेकंदांचा तुकडा निवडा, इफेक्ट मेनूत जाऊन 'रिव्हर्स' दाबा (नव्या आवृत्तीत ते 'स्पेशल' गटात आहे).

सुरुवात मात्र इंग्रजी गाण्यानं करू नका. माइकवर 'राम' रेकॉर्ड करा आणि उलटा. वाल्या कोळ्याच्या गोष्टीमुळे सगळे 'मरा' येईल म्हणून बसलेले असतात, पण ऐकू येतं 'मार'. काहून? 'मरा' ही अक्षरांची अदलाबदल आहे. यंत्र अक्षरं नाही, आवाज उलटवतं. र-आ-म चं म-आ-र होतं. एवढं कळलं की पोरांना पुढचं अर्धं आपोआप समजतं. नंतर ढोलकीची एक थाप उलटून ऐकवा: आधी घुमारा वाढत येतो आणि शेवटी टक्कन तुटतो. बोललेल्या शब्दांचंही तेच होतं, म्हणून उलटं बोलणं ओढल्यासारखं वाटतं.

मग लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) घ्या, सैतानाची अफवा सर्वांत जास्त त्याच्यावरच आहे. आधी शब्द अजिबात सांगू नका, इथंच बहुतेक कार्यक्रम फसतात. पहिल्यांदा नुसतं ऐकवा आणि प्रत्येकाला काय ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहायला लावा. चिठ्ठ्या गोळा झाल्यावर अफवेतलं वाक्य फळ्यावर लिहून तोच तुकडा परत वाजवा. आता बऱ्याच जणांना फळ्यावरचंच वाक्य ऐकू येईल. आवाज बदललेला नाही. अर्धवट आवाजाला कान ओळखीचा शब्द चिकटवतो, आणि तो शब्द आपणच हाती दिलेला असतो.

उलटी_टेप
खंजिरी भाऊंचं बरोबर, पण मुद्दाम घातलेले उलटे संदेश खरोखर आहेत, तेही दाखवा. नाहीतर एखादं पोरगं तेच उदाहरण काढेल आणि सगळा कार्यक्रम आडवा होईल. बीटल्सच्या 'रेन'मध्ये (१९६६) शेवटी गायलेला आवाज उलटा जोडलाय. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्ये (१९७९) 'एम्प्टी स्पेसेस' या गाण्यात तर गुप्त संदेश सापडल्याबद्दल ऐकणाऱ्याचं अभिनंदनच केलंय. ओळखायची खूण सोपी आहे. मुद्दाम घातलेला तुकडा सरळ वाजवला तर अगम्य बडबड असते आणि उलटा केला की कोणी न सांगता स्वच्छ कळतो. अफवेतल्या गाण्यात नेमकं याच्या विरुद्ध असतं.

चिरसारथी
आता जॉर्जचं. जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्तचा दिल्ली दरबार झाला १२ डिसेंबर १९११ ला. 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. म्हणजे दरबारात नाही. त्याच दिवशी तिथं राजाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गीतही झालं, आणि काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ करून छापलं. घोळ तिथून सुरू झाला.

पण तारखांपेक्षा गाण्यातलाच पुरावा पक्का. मूळ गाणं पाच कडव्यांचं आहे, आपण म्हणतो ते फक्त पहिलं. तिसऱ्या कडव्यात भाग्यविधात्याला 'चिरसारथि' म्हटलंय, युगानुयुगं रथ हाकणारा. चौथ्यात 'स्नेहमयी तुमि माता' आहे. जॉर्जला माता कोण म्हणेल? १९३७ च्या पत्रात टागोरांनी स्वतः हेच लिहिलंय: तो सारथी कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही. ही दोन कडवी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. आणि युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा फॉरवर्डही त्याच दिवशी निघेल. तोही खोटा आहे. युनेस्को असा किताब देत नाही.

वाचनालय_दारव्हा
फार कामाचं सांगितलं. हॉलवर टिनाचं छत आहे, आवाज घुमतो. डीजेवाल्याचा बॉक्स मागवू का?

खंजिरी
नको. टिनाखाली घुमारा आणि वरून बास, दोन्हीत व्यंजनं बुडतात. मग कोणालाही काहीही ऐकू येईल. लहान स्पीकर श्रोत्यांच्या मधोमध ठेवा, बास कमी करा. व्हॉट्सॲपवर फिरणारी क्लिप वापरू नका, तिच्यावर शब्द आधीच लिहिलेले असतात. आणि लॅपटॉप दुपारीच चार्जिंगला लावा, संध्याकाळी लाईन गेली तर कार्यक्रम अडायला नको.