घर लिलावात जाऊ नये म्हणून काय केले? खान्देशातील अनुभव

गृहकर्जाचे हप्ते थकले, नोटीस आली, तरीही घर लिलावात गेले नाही, असे अनुभव जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळींनी येथे लिहावेत. बँकेचे नाव देऊ नये. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद दिला आणि पुढे काय झाले, हे मात्र सविस्तर यावे. एवढे आधीच सांगून ठेवतो, की हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला म्हणजे खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचे) ठरते, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला दिवाणी दावा न लावताही तारण घराचा ताबा घेता येतो.

भुसावळ
यजमानांची जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा आमचा एकच हप्ता थकला होता. तोंडी विनवण्या न करता आम्ही लेखी अर्ज दिला आणि त्याला नोकरी सुटल्याचे पत्र, माझ्या शिवणकामाच्या उत्पन्नाचा खाते-उतारा व दरमहा नक्की भरता येईल तो आकडा जोडला. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळाला. त्यामुळे एकूण व्याज बरेच वाढते आणि अशा बदलाची, म्हणजे पुनर्रचनेची, नोंद सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत) राहते, हे शाखेत कोणी आपणहून सांगत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय मात्र खिडकीवरून हलू नये. पुढे व्यवस्थापक बदलले तेव्हा आमच्या हाती तेवढाच पुरावा होता.

चोपडा
ताई, आमच्याकडे ही वेळ निघून गेलेली होती. वादळाने केळी आडवी झाली, घराचे हप्ते थांबले आणि सरफेसीच्या कलम १३(२) ची, थकबाकी भरा असे सांगणारी नोटीस आली. तिच्यात ६० दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात सगळे पैसे भरण्यापलीकडे काही करता येत नाही, असाच गावात समज आहे. वास्तविक कलम १३(३ए) प्रमाणे कर्जदाराला लेखी हरकत घेता येते, आणि ती मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह तसे कळवावे लागते. आम्ही कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागवला. मी आणि मुलगा ओसरीवर बसून पावत्यांशी एकेक ओळ ताडून पाहत होतो. थकलेल्या हप्त्यांवरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलेले सापडले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आणि २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार दंड केवळ शुल्क म्हणून घेता येतो, त्यावर व्याज चढवता येत नाही. कमी झालेली रक्कम मोठी नव्हती, परंतु हरकतीमुळे प्रकरण वरच्या कार्यालयात गेले आणि पुढचा माल निघेपर्यंत सवड मिळाली. एखाददुसरा हप्ता भरून खाते नियमित होत नाही, थकलेले सगळे भरावे लागतात. ते आम्ही भरले. (शेतजमीन सरफेसीतून वगळलेली आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. गावठाणातल्या घराला ती सूट नाही.)

अमळनेर
दादांनी सांगितलेली वाट पतसंस्थेच्या कर्जाला चालत नाही. तेथे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेतला जातो, आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करतो. दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आमच्या भावकीत कोणी मनावर घेतली नाही, पण खरे भांडण तेथेच करायचे असते. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज (दाखला वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज) करायचा तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. मी सुनावणीला हजर राहिलो, हिशेबावर हरकत घेतली आणि संस्थेच्या एकरकमी परतफेड योजनेत तडजोड केली.

धुळे, देवपूर
आमचे घर राहिले नाही, तरी लिहिते. बाहेर ताबा नोटीस चिकटली तेव्हा ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग खुला होता, पण हिशेब बरोबर होता आणि उत्पन्न पुन्हा सुरू होण्याची आशा नव्हती. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. ती संमती मागून आम्ही स्वतःच गिऱ्हाईक आणले. त्याने थकबाकीचा धनादेश थेट कर्जखात्यात भरला आणि उरलेली रक्कम आमच्या हाती आली. ताब्याच्या कटकटीतल्या घराला लिलावात जेमतेम राखीव किमतीएवढी (बँकेने ठरवलेल्या किमान किमतीएवढी) बोली येते, हे शेजारच्या गल्लीत पाहिलेले होते. सध्या भाड्याने राहतो. कर्ज मात्र शिल्लक नाही.

शहादा
बँकेचे हप्ते भरण्यासाठी वडिलांनी सावकाराकडून पैसे घेतले, आणि त्याने तारण म्हणून घराचे चक्क खरेदीखत करून घेतले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मधील कलम १८ प्रमाणे, सावकारीपोटी गेल्या १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमच्याकडे पावती एकही नव्हती; होती ती वडिलांच्या वहीतील व्याजाची टिपणे आणि व्यवहार पाहिलेले दोन शेजारी. अर्ज दाखल करून घेतला गेला आहे, शेजाऱ्यांचे जबाब झाले आहेत आणि सावकाराला खुलासा मागितला आहे.