बी.कॉम. नंतर समाजशास्त्रात एम.ए. करायचे आहे, गोव्यात राहून कसे जमेल? मदत हवी आहे

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांखळीजवळच्या एका गावात राहते. वय ३१. बी.कॉम. होऊन बरीच वर्षे झाली, ५८ टक्के होते. सध्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. मुलगा पहिलीत आहे. घरून विरोध नाही, उलट सासूबाईच मागे लागल्या आहेत की शिकायचे तर आताच शीक.

समाजशास्त्रच का, तेही सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. आमचा पट्टा खाणींचा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर थोड्याफार सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांतल्या बायका त्यानंतर आमच्या वाड्यावरच्या स्वयंसाहाय्य गटात येऊ लागल्या. गटाची वही मी लिहिते. कोणी किती उचलले, किती फेडले हे वहीत दिसते. पण कर्ज घ्यायचे हे घरात कोणी ठरवले, पूर्वी ज्यांच्या घरचे पाणी पीत नसत त्यांच्याच शेजारी बसून आज हप्ता मोजताना काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. मला ते शिस्तीने अभ्यासायचे आहे. नुसते मनात येते म्हणून बोलण्यापेक्षा, लोकांना विचारायचे कसे आणि मिळालेल्या उत्तरांचा अर्थ लावायचा कसा, हे शिकायचे आहे.

आता अडचणी. बी.ए. नसताना एम.ए.ला प्रवेश मिळतो का? ताळगावला गोवा विद्यापीठात जाऊन नियमित करावे की नोकरी सांभाळून इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) दूरशिक्षणाने? माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले, पुढे सगळे इंग्रजीतून. इंग्रजी वाचून समजते, पण लांबलचक लिहायचे म्हटले की दडपण येते. आणि एम.ए. झाल्यावर कुठे शिकवता येईल का, की वय निघून गेले असे समजायचे?

ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेडण्याची पोर

ताई, मीही बी.कॉम.वालीच. इग्नूच्या एम.ए. समाजशास्त्राला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, टक्क्यांची अट नाही. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा प्रवेशाची फेरी असते. कमीत कमी दोन वर्षे, जास्तीत जास्त चार. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. बिनधास्त भरा फॉर्म.

तिसवाडी

वाळवंटीकाठताई, मी उच्च माध्यमिक विद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण या विषयाकडे येणारे बहुतेकजण 'सोपा आहे म्हणतात' एवढ्यावर येतात. तुमच्याकडे अभ्यासायला खरोखरचे काहीतरी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पात्रता. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा आणला, त्यात पदवीचा विषय कुठलाही असला तरी प्रवेश परीक्षेतून पात्र ठरल्यास दुसऱ्या विषयात एम.ए. करण्याची वाट मोकळी केली आहे. तुमची पदवी तीन वर्षांची, म्हणून तुम्हाला एम.ए.ची दोन वर्षे पुरी करावी लागतील. एका वर्षात एम.ए. ही सोय चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठी आहे. हे मुद्दाम लिहिले, कारण त्यावरून पालक आणि विद्यार्थी दोघांचाही गोंधळ होताना बघते.

गोवा विद्यापीठात समाजशास्त्र विभाग ताळगाव पठारावर, दा. ध. कोसंबी यांच्या नावाच्या सामाजिक शास्त्रांच्या संकुलात येतो. प्रवेशासाठी विद्यापीठाची जीयू-आर्ट नावाची परीक्षा असते. त्या वर्षीचे माहितीपत्रक आले की दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठीचा परिच्छेद नीट वाचा आणि विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारा. निकाल लागेपर्यंत वाट बघत बसू नका. अर्ज त्याच्या बरेच आधी भरायचे असतात.

आता खरा मुद्दा, नियमित की इग्नू. दूरशिक्षणाची पदवी कमी दर्जाची ही भीती डोक्यातून काढून टाका. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. फरक कागदात नाही, शिकण्यात आहे. इग्नूच्या पहिल्या वर्षाला चार विषय असतात: समाजशास्त्रीय सिद्धांत आणि संकल्पना, संशोधन पद्धती, विकासाचे समाजशास्त्र, भारतातील समाजशास्त्र. पुस्तके चांगली आहेत आणि ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रवेश घेण्याआधी त्यातले संशोधन पद्धतीचे पुस्तक उघडून बघा. ते वाचताना तुमच्या गटातल्या बायका डोळ्यांसमोर आल्या, तर समजा की तुमचे जमणार. पण दुर्खीम किंवा वेबर यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ एकट्याने वाचणे आणि वर्गात कोणीतरी 'हे मला पटत नाही' म्हणाल्यावर वाचणे, यात फार अंतर आहे. तुम्हाला लोकांना विचारायचे कसे हे शिकायचे आहे ना? ते शिकताना कोणीतरी तुमची प्रश्नावली हातात घेऊन 'या प्रश्नात उत्तर तूच देऊन टाकलेस' असे सांगावे लागते. म्हणून घर आणि पैसा यांची सोय होत असेल, तर माझे मत ताळगावच्या बाजूने. सांखळीहून पणजी आणि तिथून पठार, रोज जाऊन येऊन दमायला होते हे खरे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचे सध्याचे निकष तुम्हाला लागू होतात का ते तपासा.

शिकवण्याबद्दल: उच्च माध्यमिकसाठी एम.ए. सोबत बी.एड. लागते. समाजशास्त्र हा अकरावी-बारावीला विषय आहे, पण प्रत्येक विद्यालयात नाही, त्यामुळे जागा मोजक्या निघतात. महाविद्यालयासाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य पातळीवरची) ही पात्रता परीक्षा लागते.

वाळवंटीकाठ

तिसवाडीताई, इतके मनापासून लिहिलेत, खूप आभार. नेट-सेटला वयाची अडचण येईल का? आणि नियमित करायचे तर नोकरी सोडावी लागेल, ते जरा कठीण वाटते.

कुशावती

वयाचा हिशेब मी सांगतो, कारण त्यावरूनच तुमचा मार्ग ठरेल.

नेटमध्ये सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती जेआरएफला, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या पाठ्यवृत्तीला. ती सर्वसाधारणपणे ३० वर्षे. महिलांना पाच वर्षांची सूट, म्हणजे ३५. ही रक्कम सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. घर चालवणाऱ्या बाईला पीएच.डी. परवडेल की नाही, हे पुष्कळदा एवढ्यावर ठरते. तुम्ही ३१ च्या आहात. एम.ए. दोन वर्षांत संपवलीत तर हातात वेळ आहे, शिवाय शेवटच्या वर्षाला असतानाही नेटला बसता येते. इग्नूची चार वर्षांची सवलत पुरती वापरलीत तर जेआरएफ जवळजवळ हातची जाईल. इग्नू घ्या, जरूर घ्या, पण दोनच वर्षांत पूर्ण करायच्या तयारीने.

दुसरी गोष्ट गुणांची. नेटला एम.ए.त ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. इग्नूत पास होणे फार अवघड नाही, ५५ च्या वर राहणे अवघड. तिथे ३० टक्के गुण असाइनमेंटचे, ७० टक्के परीक्षेचे. असाइनमेंट कोणाची तरी उतरवून देणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही स्वतः लिहा. लांब लिहिण्याचे दडपण त्यानेच जाईल.

सेटबद्दल: महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी ती पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. तुमच्यासाठी हा मोठा आधार.

आणि एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी लिहितो, कारण मी स्वतः गावागावांत मुलाखती घेत फिरतो. गटाची ती वही तुमच्याकडे आहे ती हिशेब ठेवणारी म्हणून. उद्या प्रबंधासाठी तिच्यातली एक ओळही वापरायची असेल तर गटाच्या बैठकीत विषय मांडा, कशासाठी हवे ते सांगा, संमती घ्या, नावे बदला. लहान गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा वाडा आणि नातीसुद्धा झाकावी लागतात. एखादी नको म्हणाली तर तिचे पान बाजूला ठेवायचे. तुमच्यावर त्या बायकांचा विश्वास आहे, तो पदवीपेक्षा मोठा आहे.

मांडवीपलीकडे

गोव्याबाहेर जायची तयारी असेल तर सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा द्या. एकाच परीक्षेवर जेएनयू, दिल्ली, हैदराबाद अशा विद्यापीठांत अर्ज करता येतो. ७५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. लहान मूल असताना हे सांगणे कदाचित बरोबर नाही, पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहिले.

चोर्ल्याचा घाट

मराठीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. गोवा विद्यापीठात समाजशास्त्र इंग्रजीतून. इग्नूत इंग्रजी किंवा हिंदी. हिंदीत लिहिणे जमत असेल तर तो पर्याय मनात ठेवा. मी कोल्हापुरात राहून एम.ए. केले, पेपर मराठीतून लिहिले, आणि विषय आपल्या भाषेत पक्का झाला याचा आजही उपयोग होतो. पण पुढे संशोधनाचे लेख वाचायचे तर इंग्रजी चुकत नाही. तुम्ही पदवी इंग्रजीतून केली आहे, मग इंग्रजीतच करा आणि टिपणे मात्र मराठीत काढा. मुलाखती तर मराठी-कोंकणीतच होणार आहेत.

महाराष्ट्रातल्या एखाद्या राज्य विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा विचार आला, तर त्यांचे कार्यक्षेत्र आणि परीक्षा केंद्र कुठे आहे हे आधी विचारा. आणि फोनवर 'घरबसल्या एम.ए., परीक्षेचीही काळजी नको' म्हणणाऱ्यांना ताबडतोब नकार द्या. माझ्या चुलतबहिणीचे पैसे अशाच एका मध्यस्थाकडे अडकले. दूरशिक्षणाचा कुठलाही अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते स्वतः बघायचे. आता अशा प्रवेशासाठी डेब-आयडी (याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक) काढावा लागतो, त्याला एबीसी-आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) लागतो. दोन्ही फुकट निघतात. आधारवरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का ते आजच तपासा; लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे काम नेमके तिथे अडते.

वाळवंटीकाठ

सगळ्यांचे देव बरें करूं. कुशावतीदादा, वहीबद्दल लिहिलेत ते घरी वाचून दाखवले. पुढच्या बैठकीत गटासमोर विषय काढणार आहे, प्रवेश कुठे का मिळेना.

माझे आधारवरचे नाव सासरचे आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची, म्हणजे ते काम पहिले. जीयू-आर्टचा अर्ज भरते. तिथे नाव लागले तर पतसंस्थेत बिनपगारी रजा मागून बघेन, नाही लागले किंवा रजा मिळाली नाही तर इग्नूची जुलैची फेरी, दोनच वर्षांत पूर्ण करायची असे ठरवून.

आता एकच विचारते. जीयू-आर्टसाठी समाजशास्त्राची अगदी सुरुवातीची कुठली पुस्तके वाचू?

तिसवाडी

एनसीईआरटीची अकरावी आणि बारावीची समाजशास्त्राची पुस्तके, वर्षाला दोन, एकूण चार. संकेतस्थळावर फुकट आहेत. अकरावीच्या दुसऱ्या पुस्तकापासून सुरू करा, त्यात मार्क्स, दुर्खीम, वेबर आणि मग घुर्ये, श्रीनिवास हे भारतीय समाजशास्त्रज्ञ असे क्रमाने भेटतील. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या ज्या समाजशास्त्र विभागाचे १९२४ पासून प्रमुख होते, तो १९१९ मध्ये सुरू झालेला. या विषयाचे देशातले शिक्षण तिथून वाढले, म्हणून त्या प्रकरणावर जास्त वेळ द्या. सांखळीहून पणजीला येणे झाले तर पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात डोकवा. जुने प्रश्न बघायचे असतील तर व्यक्तिगत निरोप करा, माझ्या विद्यार्थिनींकडून मिळवून देते.